दीड लाखांच्या बेटाची मधली फळी

१८ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे फुटबॉलचा एक सामना झाला, ज्यात यजमानांचे तीन फटके गोलखांबाच्या चौकटीवर आदळून परतले, अखेरच्या क्षणांत पंचांनी बहाल केलेली पेनल्टी चित्रफीत पाहून त्यांनीच मागे घेतली आणि नव्वद मिनिटांच्या धावपळीनंतरही दोन्ही पक्षांच्या नावापुढे शून्यच राहिले. या कोऱ्या निकालाने पाहुण्यांचे, म्हणजे क्युरासाओ नावाच्या कॅरिबियन बेटाचे, आपल्या गटातील गुण बारा झाले, जमैकाचे अकराच राहिले, आणि क्युरासाओ २०२६ च्या विश्वचषक स्पर्धेस पात्र ठरले. या बेटाचे क्षेत्रफळ ४४४ चौरस किलोमीटर असून लोकसंख्या सुमारे दीड लाख, म्हणजे मुंबई महापालिकेच्या बहुतेक प्रशासकीय विभागांहूनही कमी आहे. त्यापूर्वी विश्वचषक गाठणारा सर्वांत कमी वस्तीचा देश म्हणजे २०१८ सालचा आइसलँड. त्याचीही लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात होती.

नवल एवढ्यावर संपत नाही. या बेटावर पोरांच्या हाती प्रथम येते ती बेसबॉलची फळी. तेथील पाबाओ संघाने २००४ साली लहान मुलांची जागतिक बेसबॉल स्पर्धा जिंकली आणि तेथले कित्येक तरुण अमेरिकेच्या व्यावसायिक संघांत नाव काढून आहेत. मग फुटबॉलपटू आले कोठून? त्या रात्रीच्या संघाची नामावली पाहिली तर असे आढळते, की त्यातला एकच गडी क्युरासाओत जन्मलेला होता आणि बाकी सर्वांचा जन्म नेदरलँड्समधला होता. ज्या मराठी वाचकाची कॅरिबियन बेटांशी ओळख क्रिकेटमुळे झाली, तो तर आणखीच गोंधळतो. कारण तेथे बार्बाडोसचे सोबर्स, गयानाचे कन्हाय, अँटिग्वाचे रिचर्ड्स आणि जमैकाचे होल्डिंग असे निरनिराळ्या देशांचे लोक ‘वेस्ट इंडिज’ या एकाच नावाखाली खेळत आले, आणि फुटबॉलमध्ये मात्र प्रत्येक बेट आपली वेगळी चूल मांडून, शिवाय दुसऱ्याच खंडात जन्मलेली मुले घेऊन उतरते.

या कोड्याची उकल करण्यास एक उदाहरण उपयोगी पडते, ते मधल्या फळीत खेळणाऱ्या ज्युनिन्यो बाकुना याचे. खेळाडूचा वारसा कोठला, त्याचे शिक्षण कोठे झाले आणि तो गणवेश कोणाचा घालतो, हे तीन प्रश्न आपण सहसा एकच समजतो. बाकुनाच्या आयुष्यात त्यांची उत्तरे निरनिराळी आहेत आणि त्यांना एकत्र बांधणारा दोर केवळ कागदाचा आहे.

एक राज्य, एक पारपत्र

क्युरासाओ १६३४ साली डचांनी स्पेनकडून घेतले. डच वेस्ट इंडिया कंपनीने तेथील उत्तम नैसर्गिक बंदराचा उपयोग आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या खरेदी-विक्रीसाठी केला, आणि १८६३ साली गुलामगिरी कायद्याने बंद होईपर्यंत तो व्यापार आणि ती प्रथा यांवरच बेटाच्या समाजाची घडण झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी शेल कंपनीने तेथे व्हेनेझुएलाच्या तेलासाठी शुद्धीकरणाचा कारखाना उभारला, बेटाला बरकत आली, आणि मग यंत्रे सुधारली तशी माणसे कमी लागू लागली. ३० मे १९६९ रोजी मजुरीच्या तंट्यातून विलेमस्टॅड शहरात दंगल उसळून भर वस्तीतील इमारती जळाल्या. तेव्हापासून पुढच्या दशकांत बेटावरची कुटुंबे पोटापाण्यासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, नेदरलँड्सची वाट धरीत राहिली.

ही वाट धरणे त्यांना सोपे होते, याचे कारण राज्यव्यवस्थेत आहे. १९५४ च्या सनदेने डच राज्याचे युरोपातील व कॅरिबियनमधील भाग एका छत्राखाली आणले गेले; १० ऑक्टोबर २०१० रोजी नेदरलँड्स अँटिलिस हा जुना घटक विसर्जित होऊन क्युरासाओ स्वतःचा कारभार पाहणारा स्वतंत्र घटक झाला, तरी नागरिकत्व मात्र सर्वांचे एकच, डच, राहिले. सबब विलेमस्टॅडहून रॉटरडॅमला जाणाऱ्या माणसाला परदेशगमनाचा परवाना लागत नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे म्हणजे फीफाचे सभासदत्व हे मात्र राज्याच्या सार्वभौमत्वाशी काटेकोरपणे जुळलेले नाही. अँटिलिसची जी जागा होती ती क्युरासाओला वारसाहक्काने मिळाली आणि शेजारच्या अरुबाची जागा वेगळी होतीच. थोडक्यात, पारपत्र एक आणि राष्ट्रीय संघ तीन, अशी ही चमत्कारिक वहिवाट आहे.

कोकणातल्या माणसाला ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या गावच्या क्रिकेट स्पर्धेत मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची पोरे गावाच्या नावाने उतरतात. ती जन्मली असतात लालबागला किंवा डोंबिवलीला, चेंडू ओळखायला शिकली असतात तिकडच्या मैदानांवर, आणि तरीही ‘तुम्ही या गावचे नव्हेत’ असे त्यांना कोणी म्हणत नाही, कारण आजोबांचे घर अजून उभे असते आणि सातबाऱ्यावर नाव असते. फीफा घराचा उतारा मागत नाही; ती आजोबांचा जन्मदाखला मागते, एवढाच फरक.

मधल्या फळीचे शिक्षण

आता दुसरा प्रश्न, खेळाडू घडण्याचा. फुटबॉलमध्ये अकरा जणांच्या साधारण तीन फळ्या असतात: गोलरक्षकापुढे बचावाची, प्रतिपक्षाच्या गोलापाशी आघाडीची, आणि या दोहोंमध्ये असणारी मधली. आघाडीच्या खेळाडूला बहुतेक वेळ एकाच दिशेस तोंड करून खेळता येते, बचावपटूच्या डोळ्यांसमोर बहुतेक खेळ उलगडत असतो. परंतु मधल्या फळीतील माणसाच्या चारी बाजूंना माणसे असतात आणि चेंडू त्याच्याकडे येतो तेव्हा पुष्कळदा त्याची पाठच प्रतिपक्षाकडे असते. म्हणून चेंडू पायाशी येण्यापूर्वीच मान वळवून मागे कोण आहे हे टिपून ठेवणे, येणारा चेंडू कोणत्या पायाच्या कोणत्या अंगाने अडवला म्हणजे पुढची वाट आपोआप मोकळी होईल हे ठरवणे, आणि आपला पक्ष चेंडू गमावील तर आपण कोठे उभे असले पाहिजे याची तजवीज चेंडू ताब्यात असतानाच करणे, या गोष्टी त्याला दरक्षणी कराव्या लागतात.

वेग हा उपजत असू शकतो आणि गोल करण्याची भूकही असू शकते. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावर अनवाणी खेळून तयार झालेला आघाडीचा खेळाडू एखाद्या छोट्या बेटावरही निपजतो. मधल्या फळीची ही भोवताल वाचण्याची कला मात्र, माझ्या मते, एकट्याने साधत नाही. तिला आपल्यासारखीच किंवा आपल्याहून सरस जाण असलेली दहा मुले बरोबर आणि अकरा समोर लागतात, दर आठवड्यास नवा सामना लागतो, आणि चूक झाली त्याच ठिकाणी खेळ थांबवून ‘येथून काय दिसत होते?’ असे विचारणारा शिक्षक लागतो. दीड लाख वस्तीचे बेट, ज्यातली पुष्कळ पोरे बेसबॉलकडे ओढली जातात, एवढी सामग्री जमवणार कोठून?

नेदरलँड्सने ही सामग्री गावोगाव उभी केली आहे. तेथील व्यावसायिक क्लब आठ-नऊ वर्षांच्या मुलांना आपल्या प्रशिक्षण केंद्रात घेतात आणि वयोगटांच्या पायऱ्यांनी वर चढवतात. शिवाय २०१३ पासून मोठ्या क्लबांचे तरुण संघ देशाच्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत प्रौढांविरुद्ध खेळू लागले आहेत. या शेवटच्या व्यवस्थेचे महत्त्व बाहेरच्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला समवयस्कांत खेळताना जे कधीच शिकता येत नाही ते, म्हणजे संसार करणाऱ्या, नोकरीसाठी झुंजणाऱ्या तिशीच्या माणसाची टक्कर, ते त्याला येथे शिकता येते. क्युरासाओच्या सध्याच्या संघातील लिव्हानो कोमेनेन्सिया हा २००४ साली ब्रेडा येथे जन्मलेला तरुण याच वाटेने आला: पीएसव्ही या डच क्लबाच्या केंद्रात शिक्षण, त्यांच्या तरुण संघाकडून दुसऱ्या श्रेणीचे सामने, तेथून २०२३ साली इटलीतील युव्हेंटसचा दुय्यम संघ, आणि २०२५ साली स्वित्झर्लंडचा झ्युरिक. बचावाच्या उजव्या कडेलाही तो खेळतो आणि मधल्या फळीतही. अशी दोन घरची विद्या ही प्रशिक्षण केंद्रांचीच देणगी होय.

ज्युनिन्यो बाकुनाची वाटचाल

ज्युनिन्योचा जन्म ७ ऑगस्ट १९९७ रोजी नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन शहरी, क्युरासाओचा वारसा असलेल्या कुटुंबात झाला. त्याचा सहा वर्षांनी वडील भाऊ लिआंद्रो हाही याच खेळातला आणि बहुतेक याच जागेवरचा. क्युरासाओ पात्र ठरले तेव्हा तोच संघाचा कर्णधार होता. दोघेही शहराच्या एफसी ग्रोनिंगेन या क्लबात शिकले, तेथेच प्रथम श्रेणीत उतरले आणि पुढे दोघांनीही इंग्लंड गाठले: लिआंद्रो २०१३ साली ॲस्टन व्हिलात गेला, तर ज्युनिन्यो २०१८ साली हडर्सफील्ड टाउन येथे. तो क्लब त्या वेळी इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत होता, पण हंगाम संपताना खालच्या श्रेणीत घसरला. एकविसाव्या वर्षी दर आठवड्यास हरणाऱ्या संघाच्या मधल्या फळीत खेळणे हे शिक्षण कडू असते, पण त्यातून माणूस पक्का होतो. २०२१ साली ज्युनिन्यो स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे, जानेवारी २०२२ मध्ये बर्मिंगहॅम सिटीकडे, पुढे सौदी अरेबियातील अल-वहदाकडे आणि २०२५ साली पुन्हा मायदेशी, म्हणजे जन्मदेशी, फोलेंडामकडे गेला.

या यादीतील हडर्सफील्डचा मुक्काम एका कारणाने जरा थांबून पाहण्याजोगा आहे. २०१८ साली ब्रिटन अजून युरोपीय संघाच्या नियमांत होते, आणि डच पारपत्र असलेल्या ज्युनिन्योस तेथे नोकरी धरण्यासाठी कोणाच्याही अनुज्ञेची जरुरी नव्हती. याच वयाचा, याच गुणांचा एखादा मुलगा त्रिनिदादमध्ये जन्मला असता आणि त्याच्यापाशी केवळ त्रिनिदादचे पारपत्र असते, तर त्याला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागला असता. त्या वेळच्या नियमांप्रमाणे ज्याचा देश जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासांत नसेल त्याला तो परवाना सुखासुखी मिळत नसे. म्हणजे देश मागे म्हणून खेळाडूला चांगला क्लब नाही, आणि खेळाडूला चांगला क्लब नाही म्हणून देश मागे, असा हा रहाटगाडग्याचा फेरा होता. बाकुना बंधूंना तो चुकवता आला, यात त्यांच्या कर्तबगारीचा वाटा मोठा असला तरी पारपत्राचाही काही आहेच.

ज्यांना हा फेरा चुकवता येत नाही त्यांची वाट कशी असते, हे मुंबईकर प्रेक्षकांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. हैतीचा सोनी नॉर्डे अर्जेंटिना, मेक्सिको, बांगलादेश अशी मजल दरमजल करीत कोलकात्याच्या मोहन बागानमध्ये आला, आणि २०१५ व २०१६ च्या हंगामांत मुंबई सिटीसाठी डाव्या कडेने खेळला. गुणांत तो युरोपातील पुष्कळांना भारी होता, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु युरोपचा दरवाजा त्याच्या पारपत्राकडे पाहून उघडणारा नव्हता.

गणवेश कोणाचा?

तिसरा प्रश्न सर्वांत किचकट, आणि त्याचे उत्तर फीफाच्या जाबत्यात आहे. ज्युनिन्यो पोरवयापासून नेदरलँड्सच्या राष्ट्रीय तरुण संघांत खेळत आला, अगदी २१ वर्षांखालील संघापर्यंत. मग २०१९ साली तो क्युरासाओच्या प्रौढ संघात उतरला. हे त्याला कसे करता आले?

पहिली अट पारपत्राची. ती पूर्ण झाली, पण पुरेशी झाली नाही. कारण डच पारपत्र असलेली एक कोटी सत्तर लाखांवर माणसे आहेत, आणि त्यांतील कोणीही उठून क्युरासाओकडून खेळू लागला तर बेटाच्या संघाला काही अर्थच उरणार नाही. म्हणून ज्या पारपत्राने एकाहून अधिक संघांकडे जाता येते, त्याच्या धारकाला त्या विशिष्ट भूमीशी आपला संबंध शाबीत करावा लागतो. स्वतःचा जन्म तेथला, किंवा आई-बापांपैकी एकाचा, किंवा चार आजी-आजोबांपैकी एकाचा, अथवा त्या भूमीवर ठरावीक मुदतीचा रहिवास, यांतले एक काहीतरी दाखवावेच लागते. रहिवासाची मुदत पूर्वी दोन वर्षांची होती. ती पुढे पाच करण्यात आली, कारण ‘दोन वर्षे राहा आणि आमचे व्हा’ असा बाजार काही ठिकाणी सुरू झाला होता.

दुसरी अट पूर्वी कोणाकडून खेळला याची. २००४ पूर्वी ती फारच कडक होती: एखाद्या देशाच्या तरुण संघाकडून अधिकृत स्पर्धेचा सामना खेळला, की खेळाडू त्या देशाशी कायमचा बांधला जाई. सोळा वर्षांच्या पोराने उत्साहाच्या भरात अंगात घातलेला गणवेश त्याला आयुष्यभर उतरवता येऊ नये, हा न्याय थोडा क्रूरच होता. आणि त्याचा लाभ नेहमी मोठ्या देशाला मिळे, कारण तरुणांच्या स्पर्धा भरवण्याइतका पैसा त्यांच्यापाशीच असतो. २००४ साली एकविसाव्या वाढदिवसापर्यंत एकदा बदलण्याची मुभा देण्यात आली. २००९ साली फीफाची सर्वसाधारण सभा भरली ती योगायोगाने कॅरिबियन टापूतच, बहामा बेटांतील नासाउ येथे. तेथे ही वयाची अट रद्द झाली. अखेर २०२० साली प्रौढ संघाकडून अगदी थोडे सामने खेळलेल्यांनाही काही शर्तींवर दार उघडण्यात आले.

> चौकट: संघ बदलण्याची मुभा कोणाला?
>
> मैत्रीपूर्ण सामन्यांनी खेळाडू बांधला जात नाही.
>
> तरुण संघाच्या अधिकृत स्पर्धेत खेळलेल्याला अर्ज करून बदल करता येतो. मात्र दुसऱ्या देशाचे नागरिकत्व त्या वेळीच त्याच्यापाशी असले पाहिजे.
>
> प्रौढ संघाकडून अधिकृत सामने खेळलेल्यास, त्या संघाकडील त्याचे सामने मैत्रीपूर्ण धरूनही तीनहून अधिक नसतील, अधिकृत सामने सर्व एकविसावे वर्ष पुरे होण्याआधीचे असतील आणि शेवटच्या सामन्यास तीन वर्षे उलटली असतील, तर बदल मिळू शकतो.
>
> विश्वचषकाच्या किंवा खंडीय अजिंक्यपदाच्या मुख्य स्पर्धेत जो उतरला, त्याला हे दार बंद.

बाकुनाचे प्रकरण यांतल्या दुसऱ्या कलमाखाली बसते. डच नागरिकत्व तर जन्मापासून होतेच, वारशाने बेटाशी संबंध होता, आणि नेदरलँड्सच्या प्रौढ संघाने त्याला कधी बोलावले नव्हते. या शेवटच्या वाक्यात क्युरासाओच्या संघाचे सगळे मर्म आहे. ज्याला नेदरलँड्सचा प्रौढ संघ बोलावील तो सहसा तिकडेच जाईल. आई क्युरासाओची असलेला पॅट्रिक क्लायव्हर्ट ॲमस्टरडॅममध्ये जन्मला आणि नेदरलँड्सकडूनच खेळला, आणि बेटाकडे तो आला २०१५ साली प्रशिक्षक म्हणून. तेव्हापासूनच नेदरलँड्समधील दुसऱ्या फळीच्या, पण उत्तम शिकलेल्या, खेळाडूंना बेटाकडे वळवण्याच्या प्रयत्नांना जोर आला. २०१७ साली क्युरासाओने कॅरिबियन चषक जिंकला, तोही अंतिम सामन्यात जमैकाला हरवून. पुढे गस हिडिंक आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये डिक ॲडव्होकाट. डच फुटबॉलची ही मोठी नावे अशा लहान बेटाने आणावीत, यावरूनच तेथल्या मंडळींच्या महत्त्वाकांक्षेची कल्पना यावी.

ताहिथ चोंगचा प्रवास ज्युनिन्योच्या नेमका उलट आहे. किंग्स्टनच्या रात्रीच्या संघात बेटावर जन्मलेला तो एकटाच. दहा वर्षांचा असताना तो विलेमस्टॅडहून नेदरलँड्सला गेला, रॉटरडॅमच्या फेयेनोर्ड क्लबात शिकला, सोळाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडकडे आला, नेदरलँड्सच्या तरुण संघांत खेळला आणि २०२५ साली आपल्या जन्मभूमीकडे परतला. बर्मिंगहॅम सिटीत तो आणि ज्युनिन्यो एकत्र खेळत होते. तेव्हा त्यांतला बेटावर जन्मलेला मुलगा अद्याप बेटाचा झाला नव्हता, आणि ग्रोनिंगेनमध्ये जन्मलेला झाला होता!

ही युक्ती नवी नाही

क्युरासाओने काही आडमार्ग शोधून काढला, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते; ती इतिहासाला धरून नाही. १९९८ साली जमैका प्रथमच विश्वचषकात गेली तेव्हा तिच्या मधल्या फळीत रॉबी अर्ल होता, जो इंग्लंडमध्ये जन्मला व तेथल्याच विम्बल्डन क्लबात नावारूपास आला. विश्वचषकातील जमैकाचा पहिला गोल, क्रोएशियाविरुद्धचा, त्याचाच. आणि त्याच फळीत थिओडोर व्हिटमोरही होता: मॉन्टेगो बे येथे जन्मलेला, तेथल्याच सेबा युनायटेडमध्ये वाढलेला, शुद्ध बेटावरचा. जपानविरुद्ध जमैकाने मिळवलेल्या २–१ अशा विजयातले दोन्ही गोल व्हिटमोरचे. म्हणजे मधली फळी बेटावर घडूच शकत नाही, असा सिद्धांत कोणी वरील विवेचनातून काढू पाहील तर व्हिटमोर त्याच्या आड येतो. एवढे मात्र खरे, की त्याला हल सिटी हा इंग्लंडमधील क्लब मिळाला तो विश्वचषक गाजवल्यानंतर, सत्ताविसाव्या वर्षी, तोही इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत. अर्लला तेथे परवान्याची गरज कधी पडलीच नव्हती.

आपल्याकडे असे का होत नाही?

हा प्रश्न वाचकाच्या मनात एव्हाना आलाच असेल. भारतीय वंशाचे फुटबॉलपटू इंग्लंडात आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत. तरी ते भारताकडून खेळत नाहीत. कारण असे, की फीफाची पहिलीच अट पारपत्राची आहे, भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, आणि परदेशस्थ भारतीयांना दिले जाणारे ओळखपत्र म्हणजे नागरिकत्व नव्हे. आजोबांचा जन्मदाखला येथे उपयोगी पडतो तो पारपत्र मिळाल्यानंतर, त्याच्या बदल्यात नव्हे.

म्हणून भारताकडे येऊ पाहणाऱ्याला आपले जुने नागरिकत्व सोडावे लागते. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये आणि नंतर पुणे एफसीत मधल्या फळीत खेळलेला अराता इझुमी, ज्याचे वडील भारतीय व आई जपानी, त्याने २०१२ साली जपानी नागरिकत्व सोडले आणि पुढच्या वर्षी तो भारताकडून खेळला. २०२५ साली ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सने तेच केले. त्याची आई मुंबईत जन्मलेली. क्युरासाओच्या शेजारच्या वर्तुळातील सुरीनामपुढे नेमकी हीच अडचण होती, कारण नेदरलँड्समध्ये गेलेल्या आपल्या लोकांना तो देशही दुहेरी नागरिकत्व देत नव्हता. त्यांनी २०१९ साली खेळाडूंपुरते एक वेगळे पारपत्र निर्माण करून तोड काढली. भारताने तसे करावे की नाही याविषयी मतभेद होतील. दीडशे कोटींच्या देशाने आधी आपली मैदाने पाहावीत, या मताचा मी आहे.

मोबदला कोणाच्या पदरी?

राहता राहिला पैशाचा हिशेब, आणि त्याकडेच लोकांचे सर्वांत कमी लक्ष असते. फीफाचा एक चांगला नियम असा, की करार पुरा होण्याआधी खेळाडू एका क्लबाकडून दुसऱ्याकडे मोबदला देऊन जातो तेव्हा त्या रकमेतील पाच टक्के वेगळे काढून, त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत ज्या ज्या क्लबांनी शिकवले त्यांच्यात वाटावे लागतात: बारा ते पंधरा या प्रत्येक वर्षास पाव टक्का, आणि सोळा ते तेवीस या प्रत्येक वर्षास अर्धा. हेतू उघड आहे. ज्याने रोप लावले त्याला फळातला वाटा मिळावा. आता चोंगला या कसोटीला लावून पाहा. बारा ते सोळा या वर्षांचा वाटा फेयेनोर्डचा, पुढचा मँचेस्टरचा व इतरांचा. ज्या बेटावर त्याने चेंडूला प्रथम पाय लावला ते बेट तो दहाव्या वर्षी सोडून गेला, सबब त्या बेटावरील कोणत्याही क्लबास या हिशेबात एक छदामही येत नाही. बाकुना आणि कोमेनेन्सिया तर तिकडचेच.

दुसरा एक नियम अठरा वर्षांखालील मुलांना देशांतर करून क्लब बदलण्यास मनाई करतो, आणि तो मुलांच्या रक्षणासाठी असल्यामुळे योग्यच आहे. परंतु आई-बाप फुटबॉलखेरीज अन्य कारणाने स्थलांतरित झाले तर त्यात सूट आहे. एकच पारपत्र असलेल्या राज्यात असे स्थलांतर रोजचेच असते. त्यामुळे हुशार मुले लहानपणीच बेटाबाहेर पडत राहणार, बाराव्या वर्षाची मर्यादा त्यांच्या पहिल्या शिक्षकांना हिशेबाबाहेर ठेवत राहणार, आणि विलेमस्टॅडच्या एर्गिलिओ हातो मैदानावर जमणारे हजारो प्रेक्षक ज्यांचा जयजयकार करतील ती मुले घडवण्याचा खर्च आणि त्याचा मोबदला हे दोन्ही अटलांटिकच्या पलीकडेच राहणार.

माझ्या मते फीफाने ही मर्यादा बाराव्या वर्षावरून आठव्यावर आणावी. डच क्लब स्वतःच आठ-नऊ वर्षांची मुले निवडू लागले आहेत. तेव्हा शिक्षण त्या वयापासून सुरू होते हे नाकारण्यास आधार उरलेला नाही, आणि पाच टक्क्यांचा तो डबा थोडा अधिक लोकांत वाटल्याने कोणताही मोठा क्लब भिकेला लागणार नाही.